दुसरा दिवा

वहिनीने दुकानदाराला दुकानातले दिवे बंद करायला सांगितले, तेव्हा त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय.

"अहो, दिवा बघायचा तर आधी अंधार नको का?" ती म्हणाली. "भर दुपारी काय, सगळेच दिवे शहाणे."

दुकानदार हसला, पण उठला. त्याने शटर अर्ध्यावर ओढलं, बटणं खाली केली आणि मागच्या खिडकीवर एक पुठ्ठा टेकवला. दुकानात बऱ्यापैकी अंधार झाला. मग त्याने उत्साहाने एक भलीमोठी बॅटरी काढली आणि तिचा झोत छतावर फेकला. "हा घ्या. समोरच्या टेकडीवरचा माणूस ओळखू येईल."

"टेकडीवरच्या माणसाशी मला काय करायचंय? मला गळ्यातला कफ दिसायला हवा."

दुकानदाराचा हात खाली आला. मग तो थट्टा करायचा थांबला.

तिला सगळी इमारतच वहिनी म्हणायची, कारण तिचा नवरा सगळ्यांचा दादा होता. कारखान्यात मोठी क्रेन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी क्रेनच्या केबिनमध्येच त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण बाकी फारसं काही वाचलं नाही. हात नाही, पाय नाही, वाचा नाही. गळ्याला भोक पाडून बसवलेल्या नळीतून श्वास. राहिले ते डोळे. त्या डोळ्यांनी तो सगळं बोलायचा. एकदा मिटले की हो, दाराकडे वळवले की नाही. आणि त्या नळीत कफ भरायचा. तो वेळच्या वेळी बारीक नळी घालून ओढून काढायचा, नाहीतर माणूस आपल्याच कफात बुडायचा. डॉक्टरांनी हेच शब्द वापरले होते आणि वहिनीने ते कानात जपून ठेवले होते.

मागच्या थंडीत वीज गेली तेव्हा तिने फोन दातात धरून त्याच्या उजेडात हे काम केलं होतं. दोन्ही हात अडकलेले. तोंडाला लाळ सुटली, फोन निसटला आणि दादाच्या छातीवर आदळला. हातातली नळी आत टोचली गेली. रक्त आलं. दादाच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. ओरडायला आवाजच नव्हता. त्या दिवसापासून तिने ठरवलं होतं, उसना उजेड नको. आपला, कामाचा, नेमका दिवा घ्यायचा.

तिने पिशवीतून पांढऱ्या फडक्याचा एक तुकडा काढला. त्यावर वाळलेल्या रक्ताचा ठिपका होता. एकेक दिवा ती त्या फडक्यावर धरून बघू लागली. पिवळ्या उजेडात तो डाग चहाचा वाटत होता. निळसर उजेडात काळा. एका दिव्याखाली मात्र तो जसा होता तसा, तांबडा दिसला. "हा ठेवा बाजूला," ती म्हणाली.

"सोलरचा दाखवू? सेलची भानगडच नाही."

"आभाळ गच्च भरलेलं असेल तेव्हाच वीज जाते भाऊ. तेव्हा तुमचा सूर्य कुठे शोधू?"

"मग हा हाताने फिरवायचा?"

"हात दोनच दिलेत. दोन्ही कामात असतात."

रॉकेलच्या कंदिलाकडे तर तिने पाहिलंही नाही. घरात नळीतून श्वास घेणारा माणूस, तिथे धूर कसा चालेल? तिने विचारलं, सेल कुठलेही चालतात ना, का तुमच्याच दुकानात मिळतात? सेल संपत आले की उजेड आधी मंद होतो, की एकदम दगा देतो? ओल्या हाताने, न बघता बटण सापडतं का? दुकानदार मेटाकुटीला आला. "ताई, इतके प्रश्न मला पोलिसांनीही कधी विचारले नव्हते."

"पोलिसांचं काही अडलेलं नसतं," वहिनी म्हणाली.

शेवटी तिने डोक्याला पट्ट्याने बांधायचा एक दिवा घेतला. त्याने दोन्ही हात मोकळे राहत होते आणि ती जिथे बघेल तिथे उजेड पडत होता. शिवाय टेबलावर ठेवायचा दुसरा, रुंद बुडाचा, धक्का लागला तरी न कलंडणारा. पहिला बिघडलाच तर दुसरा हवा, असा तिचा हिशेब होता. घरी आल्यावर तिने दोन्ही दादाला दाखवले. डोक्यावर दिवा बांधून ती त्याच्यासमोर उभी राहिली. "कशी दिसते? खाणीत निघाल्यासारखी?" दादाने डोळे एकदा मिटले. हो. ती पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसली.

वादळ आलं ते थंडीच्या शेवटाला. दोन दिवस पाऊस कोसळत होता आणि वारा असा काही सुटला की खिडक्या बिजागऱ्यांसकट थरथरत होत्या. रस्त्यातली झाडं आडवी झाली, त्यांच्याबरोबर विजेचे खांब. वीज गेली आणि ती काही आज-उद्या येत नाही, अशी बातमी पसरली. फोनही एकेक करून बंद पडत गेले. शेजारचं कुटुंब आधीच नातेवाइकांकडे निघून गेलं होतं. खालच्या मजल्यावर पाणी शिरलं, तेव्हा तिथली माणसंही गेली. इमारतीत उरली ती मधल्या मजल्यावर वहिनी आणि दादा, आणि वरच्या मजल्यावर घड्याळवाले आजोबा आणि त्यांची बायको.

आजोबांनी सारा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला होता. आता नजर अधू झाली होती, हात कापायचे. बायकोला विस्मरणाचा रोग जडला होता. दिवसा ती बरी असायची, गाणं गुणगुणायची, ओळख नसलेल्या माणसालाही गोड हसायची. पण दिवस कलला की ती बिथरायची. अंधार तर तिला सोसतच नसे. मेणबत्ती लावायचीही सोय नव्हती. वीज गेली त्या दिवशीच तिने ज्योत हातात धरायला बघितलं होतं आणि तळहात भाजून घेतला होता. आजोबांची जुनी बॅटरी पहिल्याच रात्री संपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड विझत आला असताना, वहिनीच्या दारावर टकटक झाली. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं. आजोबा उभे होते. डोक्याला मफलर, एका हातात छत्री.

"पोरी, तुझ्याकडे एक जादा दिवा आहे असं ऐकलं. आजच्यापुरता देशील? हिला काळोख सहन होत नाही गं. काल सगळी रात्र भिंतीला धरून उभी होती."

वहिनीच्या मागे टेबलावर तो दुसरा दिवा होता. बंदच होता. डोक्यावरच्या दिव्यात काम भागत होतं.

"आजोबा, मी दिला असता," ती म्हणाली. "पण आमच्याकडे पेशंट आहे ना. हा बिघडला तर मी काय करू? मला हातावर हात ठेवून बसता येणार नाही हो."

"खरंय. तेही खरंय."

"सेल हवेत का? सेल देते."

"माझ्या बॅटरीला ते जाड सेल लागतात," आजोबा म्हणाले. "असू दे. तू काळजी करू नको. कोपऱ्यावरचं दुकान उघडं असेल तर बघून येतो."

"इतक्या अंधारात, पाण्यातून कुठे जाता?"

"अजून थोडं दिसतंय. असा जातो आणि असा येतो." जिन्यात वळता वळता त्यांनी विचारलं, "दादा कसा आहे?"

"आहे तसाच."

"आहे ना. मग झालं."

ती दार लावून आत आली. दादाचे डोळे तिच्यावरच होते. त्याला सगळं ऐकू जायचं. "वरचे आजोबा होते," ती म्हणाली. "दिवा मागत होते." दादाने डोळे फिरवून टेबलावरच्या दिव्याकडे पाहिलं. मग वर, छताकडे. मग तिच्याकडे बघून एकदा मिटले.

तिला कळलं. दोन वर्षांत तिला त्याची एकेक पापणी वाचता येऊ लागली होती. पण ती वळली आणि नळ्या धुवायला घेतल्या. "तुम्हाला काय जातंय द्या म्हणायला," ती पाठमोरीच पुटपुटली. "निभवायचं मला आहे."

बाहेर पुरता काळोख झाला. तिने दादाचा कफ काढला. वीज नव्हती म्हणून पायाने दाबायचा पंप वापरावा लागत होता. एक पाय पंपावर, दोन्ही हात नळीवर, नजर गळ्यावर. डोक्यावरचा दिवा तिच्या नजरेबरोबर हलत होता. काम नेटकं झालं. ती स्वतःवरच खूश झाली. हात धूत असताना वरून आवाज आला.

"अहो…"

आजी हाक मारत होती. वहिनीला वाटलं, आजोबा आले असतील. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, या वेळी जास्त उंच. "अहो! अहो, कुठे आहात?" मग दारावर थापा. मग काहीतरी पडल्याचा आवाज आणि नंतर ती हाक शब्दच राहिली नाही, नुसता एक लांबलचक सूर झाला.

वहिनी जिन्यात आली. वर हाक मारली, "आजोबा!" उत्तर नाही. खाली हाक मारली. खाली नुसतं पाणी डुचमळत होतं.

तिने परत येऊन दादाकडे पाहिलं. त्याचा श्वास मोकळा होता. "मी वर जाऊन येते," ती म्हणाली. "आत्ता येते, हं? जीव घट्ट धरून राहा." दादाने लगेच डोळे मिटले.

वरच्या दाराला बाहेरून कडी होती. बायको बाहेर निघून जाऊ नये म्हणून आजोबा ती घालून गेले होते. वहिनीने कडी काढली आणि दार लोटलं. आतल्या काळोखात, भिंतीला पाठ लावून आजी उभी होती. पायाशी फुटलेलं भांडं, कपडे ओले. डोक्यावरच्या दिव्याचा झोत थेट तिच्या डोळ्यांत गेला आणि तिने किंकाळी फोडली. तिला माणूस दिसतच नव्हता, दिसत होता तो अंगावर चालून येणारा एक पांढरा गोळा. वहिनीच्या हे ध्यानात यायच्या आत आजीने दोन्ही हातांनी तिच्या कपाळावर झडप घातली. पट्टा निसटला. दिवा उडाला, दाराच्या चौकटीवर आपटला आणि जिन्यावरून टणटण करत खाली गेला. मग सगळं शांत आणि काळं झालं.

"मी आहे आजी," वहिनी अंधारात म्हणाली. "खालची वहिनी. ओळखलंत?"

"हे कुठे आहेत?"

"येतील. तुम्ही माझ्याबरोबर चला. खाली उजेड आहे."

उजेड म्हटल्यावर आजीने हात पुढे केला. वहिनीने तो घट्ट पकडला. एका हाताने कठडा चाचपत, पायाने पायरी शोधत, दोघी उतरल्या. मधल्या मजल्यावर पोचायच्या आधीच वहिनीला तो आवाज ऐकू आला. घरघर. नळीत कफ दाटल्याची. इतका वेळ लागणार हे तिच्या हिशेबात नव्हतं.

ती धावली. टेबलावरचा दिवा पेटवला. दादाचा चेहरा काळवंडला होता, डोळे बाहेर आल्यासारखे. तिने नळी घेतली, पाय पंपावर ठेवला आणि तिला दिसेना. दिवा टेबलावर, तिच्या पाठीशी. तिचीच सावली दादाच्या गळ्यावर पडत होती. तिने दिवा पलंगावर ठेवला, तर उजेड वर छतावर गेला. एक हात दिव्याला द्यावा, तर नळीला एकच उरतो.

"आजी," ती ओरडली, "हा धरा! इथे धरा, असा!"

आजीने दिवा घेतला. आणि मग जे झालं त्याची वहिनीला अपेक्षा नव्हती. आजी पलंगाच्या उशाशी आली, कोपर अंगाशी टेकवलं, मनगट किंचित वाकवलं आणि दिवा बरोब्बर तिथे धरला, जिथे हवा होता. हात जराही हलला नाही.

"हलू नका हं," वहिनी म्हणाली.

"हलले की घड्याळातली स्प्रिंग उडते," आजी म्हणाली. "मला माहितीय."

वहिनीने कफ काढला. पुन्हा काढला. चिकट, घट्ट, त्यात तांबडा धागा. तिसऱ्यांदा नळी घातली आणि दादाच्या छातीत हवा शिरल्याचा आवाज आला. तेव्हा ती खाली फरशीवर बसली. आजी दिवा तसाच धरून उभी होती. "झालं का हो?" तिने दादाला विचारलं.

रात्रभर वहिनी जिन्यातल्या पावलांची वाट बघत राहिली. पावलं आली नाहीत.

आजोबा सापडले ते पाणी ओसरल्यावर. कोपऱ्यावर केबल टाकायला रस्ता खणून ठेवला होता. लांबच लांब चर, ना कठडा ना दोरी. पाणी भरल्यावर रस्ता कुठे संपतो आणि चर कुठे सुरू होतो, ते दिवसाही कळत नव्हतं. दूधवाल्याला छत्री दिसली. दुकान तर वादळाच्या पहिल्या दिवसापासून बंदच होतं.

माणसं जमली. ज्यांनी चर खणला त्यांना शिव्या घालून झाल्या. कुणी म्हणालं, या वयात बाहेर पडायची काय गरज होती? वहिनी गर्दीच्या मागे उभी होती.

घरी येऊन तिने दादाला सांगितलं. तो छताकडे बघत राहिला. "माझ्याकडे बघा ना," ती म्हणाली. त्याने डोळे दाराकडे वळवले. नाही. त्यानंतर कफ काढताना, अंग पुसताना, कूस बदलताना त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे जायची. ज्याचं सगळं बोलणं डोळ्यांत, त्याने डोळे फिरवले की घरात काय उरतं, ते वहिनीला त्या दिवसांत कळलं.

आजी तिच्याकडेच राहिली. फोन बंद, रस्ते बंद, लेक दूरच्या शहरात. आधी वहिनीने आजीला खरं सांगितलं. आजी ऊर बडवून रडली. तासाभराने डोळे पुसून तिने विचारलं, "हे आले नाहीत अजून?" वहिनीने पुन्हा सांगितलं. आजी पुन्हा तितकीच रडली, जणू पहिल्यांदाच ऐकत होती. त्यानंतर वहिनीने सांगणं सोडलं. एकाच माणसाला किती वेळा विधवा करायचं?

रोज दिवस कलला की वहिनी टेबलावरचा दिवा लावायची आणि आजीला त्याच्यापाशी बसवायची. सेल जपायला उजेड मंद ठेवायची. दादाला त्रास सुरू झाला की आजी न सांगता उठायची आणि दिवा धरायची. एकाच खोलीत तीन माणसं, एकच दिवा. सगळ्यांना पुरत होता.

रस्ते मोकळे झाले तशी लेक आली. आजोबांचं सगळं उरकून ती आईला न्यायला वहिनीकडे आली. पन्नाशीची, थकलेली बाई. प्रवासाने सुजलेले पाय. तिने वहिनीचे हात हातात घेतले. "तुम्ही नसता तर आई त्या खोलीत…"

वहिनीने चहा टाकला. लेक खुर्चीवर बसून खोलीभर बघत होती. दादाचा पलंग, नळ्या, पंप, टेबलावरचा दिवा.

"बाबांचा फोन आला होता," ती म्हणाली. "फोन बंद पडायच्या आधी. म्हणाले, काळजी करू नको, खालच्या वहिनीकडे दोन दिवे आहेत. एक मागून आणतो." तिने वहिनीकडे पाहिलं. "ते आले होते का तुमच्याकडे?"

चहा उकळून वर आला. वहिनीने गॅस बंद केला. एक शब्द बोलला की सुटका होती. नाही म्हटलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. ज्याला माहीत होतं त्याला वाचा नव्हती.

"आले होते," ती म्हणाली. "मी नाही दिला."

लेक तिच्याकडे बघत राहिली.

"आमचा पेशंट आहे. एक बिघडला तर हाताशी दुसरा हवा, म्हणून."

"हो," लेक सावकाश म्हणाली. "ते समजू शकते मी." मग दिव्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "लागला का मग? दुसरा?"

"लागला."

"मग तुमचं बरोबरच होतं."

वहिनीला वाटलं, इथे थांबावं. चहा गाळावा, कप पुढे करावा. तिने पलंगाकडे पाहिलं. दादा छताकडे बघत होता.

"नाही ताई," ती म्हणाली. "पहिला दिवा चांगला होता. तुमच्या आईला आणायला वर गेले तेव्हा तो पडून फुटला. बाबा घरी असते तर मी वर गेलेच नसते. तो फुटला नसता. हा लागला नसता."

खोलीत दादाचा नळीतला श्वास तेवढा ऐकू येत होता. मग लेक बोलली ती अगदी हळू, भांडणाचा सूर नव्हता त्यात. कदाचित म्हणूनच ते जास्त लागलं.

"दिवा नाही तर नाही. पण तुम्ही त्यांना खाली बोलवायचंत ना. या दोघं, इथे बसा, एवढंच. आई आत्ता बसलीय तशी."

वहिनीने तोंड उघडलं. रोगाचं सांगावं, जंतूंचं सांगावं, दादाला बाहेरच्या माणसाचा संसर्ग चालत नाही, डॉक्टरांनी बजावलंय, असं काहीतरी सांगावं. ते खरंही होतं. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच तिच्या मनात आलेलं नव्हतं.

"सुचलं नाही," ती म्हणाली.

"सुचलं नाही?"

"दोन वर्षं या खोलीत कुणी आलेलं नाही ताई. आधी यायचे, मग यायचे थांबले. मीही दार लावून घ्यायला लागले. कुणाला आत बोलवायचं असतं, हेच विसरले मी. दिवा द्यायचा की नाही द्यायचा, एवढंच डोक्यात आलं. तिसरं काही असतं, ते सुचलंच नाही."

तिला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. लेक उठली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. आईच्या भाजलेल्या तळहातावरची पट्टी ती पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

"तुम्ही माझ्या आईला सांभाळलंत," ती शेवटी म्हणाली. "ते मी विसरणार नाही. आणि हेही विसरता येणार नाही मला. काय करू, सांगा."

"नका विसरू," वहिनी म्हणाली.

चहा तसाच राहिला. वहिनी दादाची उशी सारखी करायला वळली, तेव्हा त्याने छतावरची नजर काढली होती. तो तिच्याकडे बघत होता. त्यात माफी होती की नाही, ते तिला वाचता आलं नाही. पण तो बघत होता, आणि तिने नजर वळवली नाही.

गाडी आली. लेकीने आईचं बोचकं खाली नेलं. आजी मात्र जिन्यात अडली. कठडा धरून उभी राहिली आणि हलेना.

"हे आल्याशिवाय मी कशी जाऊ? घराला कुलूप बघून घाबरतील ना."

लेकीने तोंड फिरवलं. वहिनी दोन पायऱ्या उतरून आजीच्या समोर आली.

"ते पुढे गेलेत आजी," ती म्हणाली.

"पुढे गेले? मला न सांगता?"

"घाईत होते."

"नेहमीचंच त्यांचं," आजी पुटपुटली आणि कठड्यावरचा हात सोडला. "चला मग. उशीर नको."

तिला गाडीत बसवून लेकीने दार लावलं. जाताना तिने वहिनीकडे पाहून मान हलवली. निरोपाची होती, बाकी कसली होती कोण जाणे. गाडी चर चुकवत, डाव्या अंगाने सावकाश निघाली. आता तिथे दोरी बांधलेली होती. वहिनी कोपऱ्यापर्यंत बघत राहिली, मग जिना चढून वर गेली. दादाची वेळ झाली होती.